हुतात्मा चौक समजून घेताना

मुंबईच्या फोर्ट भागात रोज कामाला येणाऱ्या माणसाला कुठे उतरणार असे विचारले, तर तो अजूनही 'फाउंटन' असेच सांगतो. बसथांब्याच्या पाटीवर आणि ऑक्टोबर २०२५ पासून प्रवाशांसाठी खुल्या झालेल्या भुयारी मेट्रोच्या स्थानकावर मात्र 'हुतात्मा चौक' हे नाव आहे. जुने नाव सवयीने तोंडात राहिले आणि नवे पाटीवर आले, एवढेच याचे स्पष्टीकरण नाही. वेगवेगळ्या काळांत, वेगवेगळ्या लोकांच्या इच्छेने आणि वेगवेगळ्या पैशाने उभी राहिलेली दोन स्मारके या चौकात हाकेच्या अंतरावर आहेत, आणि प्रत्येकाने चौकाला आपापले नाव दिलेले आहे. एक पांढऱ्या दगडाचे कारंजे आहे आणि दुसरे मशाल धरलेल्या दोन माणसांचे शिल्प आहे. मी या भागात पुष्कळ वर्षे नोकरी केली. सुरुवातीची कितीतरी वर्षे मी लोकल पकडण्याच्या घाईत या दोन्हींच्या मधून नुसता निघून जात असे. महाराष्ट्र राज्य कसे झाले हे ज्याला थोडक्यात, पण नीट समजून घ्यायचे आहे, त्याने या चौकात अर्धा तास थांबावे असे मला आता मनापासून वाटते. त्या अर्ध्या तासात काय पाहायचे आणि जे दिसते त्याचा अर्थ कसा लावायचा, ते येथे सांगतो.

पहिला प्रश्न जागेचा. शहराच्या नकाशावर हा चौक इतक्या मोक्याच्या ठिकाणी कसा आला? एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मुंबईचा हा भाग तटबंदीच्या आत होता आणि त्या तटाला तीन मुख्य दरवाजे होते. दक्षिणेला अपोलो गेट, उत्तरेला बझार गेट आणि पश्चिमेला चर्चगेट. आत थोड्याच अंतरावर १७१८ मध्ये उघडलेले सेंट थॉमस हे चर्च आहे आणि त्याच्याकडे जाणारा दरवाजा म्हणून त्याला चर्चगेट म्हणत. आज चर्चगेट म्हटले की आपल्याला रेल्वे स्थानक आठवते. प्रत्यक्षात तो दरवाजा स्थानकाजवळ नव्हता. जेथे आज कारंजे आहे, तेथेच तो होता. सर बार्टल फ्रिअर १८६२ मध्ये मुंबईचे गव्हर्नर झाले आणि त्यांच्या कारकिर्दीत तटबंदी पाडण्यात आली. दरवाजा गेला, पण दरवाज्याकडे येणाऱ्या वाटा राहिल्या. बोरीबंदरकडून येणारा आजचा दादाभाई नौरोजी मार्ग, चर्चगेट स्थानकाकडून येणारा वीर नरिमन मार्ग आणि काळा घोड्याकडे जाणारा महात्मा गांधी मार्ग येथे एकत्र येतात. ही गोष्ट लक्षात ठेवावी, कारण पुढे १९५५ साली जे घडले ते याच रस्त्यांच्या रचनेमुळे येथे घडले.

कारंज्याची हकीकत त्या मानाने लवकर सांगून होते. अमेरिकेत १८६१ ते १८६५ या काळात यादवी युद्ध चालू होते. तिकडचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि मुंबईच्या कापूस व्यापाऱ्यांकडे पैशाचा अक्षरशः पूर आला. त्या भरभराटीच्या दिवसांत, म्हणजे १८६४ मध्ये, हे कारंजे उभे राहिले. खर्चातला मोठा वाटा कर्सेटजी फरदूनजी पारेख या पारशी गृहस्थांच्या देणगीचा होता. मुळात हे कारंजे भायखळ्याच्या व्हिक्टोरिया गार्डनमध्ये, म्हणजे आपल्या राणीच्या बागेत, बसवायचे होते आणि त्याला गव्हर्नर फ्रिअर यांचे नाव द्यायचे होते. दोन्ही बेत बदलले. बाग राहिली बाजूला आणि कारंजे पडलेल्या दरवाज्याच्या जागी आले. गव्हर्नरांचे नावही मागे पडले आणि माथ्यावर उभ्या असलेल्या फ्लोरा या रोमन पुष्पदेवतेचे नाव त्याला मिळाले. आराखडा रिचर्ड नॉर्मन शॉ यांचा आणि शिल्पकाम जेम्स फोर्सिथ यांचे आहे.

दगडाकडे मात्र जवळ जाऊन पाहावे. मुंबईच्या जुन्या इमारतींत आपला काळा बेसाल्ट, मालाड आणि कुर्ल्याचा दगड, पोरबंदरचा दगड असे निरनिराळे दगड दिसतात. कारंज्याचा दगड यांपैकी कुठलाच नाही. तो इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या पोर्टलंड बेटावरचा चुनखडी दगड आहे. लंडनच्या सेंट पॉल कॅथीड्रलला जो वापरला, तोच. चुनखडी दगड सच्छिद्र असतो. तो पाणी शोषतो आणि हवा लागली की ते बाहेर टाकतो. अशा दगडाला तैलरंग फासला की त्याचे श्वास घेणेच बंद होते. आत शिरलेले पाणी बाहेर पडू शकत नाही, पाण्याबरोबर आलेले क्षार रंगाखाली साठतात, त्यांचे स्फटिक होतात आणि ते दगडाचा वरचा पापुद्रा आतून ढकलून सोडवतात. या कारंज्यावर कित्येक वर्षे पांढऱ्या रंगाचे हात चढत राहिले होते. स्वच्छ दिसावे याच हेतूने ते चढवले होते, पण त्यांनी कोरीव काम बुजत गेले आणि दगडही दुखावला. संवर्धन वास्तुविशारद विकास दिलावरी यांच्या देखरेखीखाली हे थर उतरवण्याचे आणि बंद पडलेली जलवाहिन्यांची व्यवस्था पुन्हा चालू करण्याचे काम झाले आणि जानेवारी २०१९ मध्ये कारंज्यातून पुन्हा पाणी उडू लागले. माझ्या पिढीने ते पांढरेफटकच पाहिले होते. दगडाचा मूळ मऊ, किंचित पिवळसर रंग पहिल्यांदा पाहिला तेव्हा आपण इतकी वर्षे भलतीच वस्तू पाहत होतो असे वाटले.

आता दुसऱ्या स्मारकाकडे येऊ. ते समजायला थोडा वेळ द्यावा लागतो, कारण त्यामागचा वाद साधा नव्हता. 'मुंबई महाराष्ट्राची' हे आज इतके गृहीत धरलेले आहे, की यावर कधीकाळी वाद होता हेच नव्या पिढीला पटत नाही.

इंग्रजांच्या काळातले प्रांत भाषेनुसार आखलेले नव्हते. जसजसा मुलूख जिंकला, तसतसा तो जोडत गेला आणि त्यातून प्रांत तयार झाले. मुंबई प्रांतात मराठी, गुजराती, कानडी आणि सिंधी बोलणारे लोक एकत्र होते. मराठी माणूस मात्र तीन ठिकाणी विभागलेला होता. मुंबई प्रांतातला मराठी भाग वेगळा, मध्य प्रांतात गेलेला विदर्भ वेगळा आणि निजामाच्या हैदराबाद संस्थानातला मराठवाडा वेगळा. हे सगळे तुकडे एका राज्यात यावेत ही मागणी १२ मे १९४६ रोजी बेळगावच्या मराठी साहित्य संमेलनात ठरावाच्या रूपाने पुढे आली. ग. त्र्यं. माडखोलकर त्या संमेलनाचे अध्यक्ष होते. एका राज्याची मागणी साहित्यिकांच्या मांडवातून पुढे यावी आणि तीही बेळगावात, हे विशेष आहे. बेळगावची गोष्ट पुढे पुन्हा येईल.

स्वातंत्र्यानंतर दिल्लीला भाषावार राज्यांची धास्ती वाटत होती. नुकतीच फाळणी झालेली होती आणि भाषेच्या नावाने आणखी तुकडे पडतील अशी भीती होती. १९४८ च्या दार आयोगाने भाषावार प्रांतरचनेला प्रतिकूल मत दिले. नंतर जवाहरलाल नेहरू, वल्लभभाई पटेल आणि पट्टाभी सीतारामय्या यांच्या समितीनेही थांबण्याचाच सल्ला दिला आणि पुढेमागे महाराष्ट्र झालाच तरी मुंबई शहर त्यात नसावे असे सुचवले. मग तेलुगू भाषकांच्या राज्यासाठी उपोषणाला बसलेले पोट्टी श्रीरामुलू १५ डिसेंबर १९५२ रोजी मरण पावले. त्यानंतर उसळलेल्या क्षोभातून १९५३ मध्ये आंध्र राज्य झाले आणि हा प्रश्न दाबून ठेवणे अशक्य झाले. फाजल अली, हृदयनाथ कुंझरू आणि के. एम. पणिक्कर यांचा राज्य पुनर्रचना आयोग नेमला गेला.

आंध्रला मिळाले, मग महाराष्ट्राला का नाही? याचे उत्तर एका शब्दात सांगायचे तर मुंबई. या शहरात मराठी बोलणारा समाज हा सर्वांत मोठा भाषिक गट होता, पण एकूण लोकसंख्येच्या निम्म्यापेक्षा तो कमी होता. गिरण्या, पेढ्या, शेअर बाजार आणि जहाजांचा व्यापार यांतले भांडवल मुख्यतः गुजराती, पारशी आणि मारवाडी घराण्यांकडे होते. गिरण्यांतले, गोदीतले आणि घरोघरचे कष्ट मुख्यतः कोकणातून आणि देशावरून आलेल्या मराठी माणसाचे होते. शहर कोणाचे, भांडवल घालणाऱ्याचे की घाम गाळणाऱ्याचे, अशा रूपात तो वाद मांडला गेला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४८ मध्येच दार आयोगापुढील निवेदनात मुंबई महाराष्ट्रातच असली पाहिजे अशी बाजू मांडली होती. समुद्राची बाजू सोडली तर मुंबईच्या भोवती मराठी मुलूखच आहे, तिचे पाणी आणि मनुष्यबळ तिकडूनच येते, हा भूगोलाचा युक्तिवाद माझ्या मते सर्वांत भक्कम होता. विरोधकांच्या मनातली भीती मात्र खोटी होती असे म्हणणे अन्यायाचे होईल. एका भाषेच्या राज्यात आपल्या व्यापाराचे आणि मुलांच्या शाळांचे काय होईल, हा प्रश्न कोणत्याही अल्पसंख्य समाजाला पडतो.

आयोगाने १९५५ च्या शरद ऋतूत अहवाल दिला. त्यात गुजरात आणि मराठी प्रदेश मिळून एक द्वैभाषिक मुंबई राज्य आणि विदर्भाचे वेगळे राज्य, अशी शिफारस होती. यावर नाराजी उसळताच काँग्रेस पक्षाच्या नेतृत्वाने तीन राज्यांची योजना पुढे आणली. विदर्भासह महाराष्ट्र, गुजरात आणि तिसरे राज्य एकट्या मुंबई शहराचे. मराठी माणसाला पहिल्या योजनेत विदर्भ गमवावा लागत होता आणि दुसऱ्या योजनेत मुंबई. २० नोव्हेंबर १९५५ रोजी गिरगाव चौपाटीवर काँग्रेसची जाहीर सभा झाली. मुख्यमंत्री मोरारजी देसाई आणि स. का. पाटील तेथे बोलले आणि त्यांच्या बोलण्याने लोक इतके भडकले की सभा उधळली गेली. दुसऱ्या दिवशी, सोमवारी, कामगारांनी संप पुकारला आणि विधानसभेवर मोर्चा न्यायचे ठरले.

आता सुरुवातीला सांगितलेल्या रस्त्यांकडे परत यावे लागेल. त्या वेळी विधिमंडळ नरिमन पॉइंटला नव्हते, कारण तेथले विधान भवन १९८१ मधले आहे. १९५५ साली ते रीगल सिनेमासमोरच्या कौन्सिल हॉलमध्ये भरत असे. आज त्या वास्तूत राज्य पोलिसांचे मुख्यालय आहे. बोरीबंदरला उतरलेल्या माणसाला तेथे जायचे असो की चर्चगेटला उतरलेल्याला, फाउंटन ही दोघांच्या वाटेवरची जागा होती आणि तेथून कौन्सिल हॉल चालत जेमतेम पंधरा मिनिटांवर होता. गिरणगावातून आणि उपनगरांतून निघालेली माणसे दोन बाजूंनी घोषणा देत येथेच एकत्र आली आणि पोलिसांनी त्यांना येथेच अडवले. पूर्वी जेथे तटाचा दरवाजा होता, तेथेच त्या दिवशी पोलिसांची फळी उभी होती. आधी लाठीमार झाला, मग अश्रुधूर सोडला गेला आणि त्यानेही लोक हटेनात तेव्हा गोळीबार झाला. २१ नोव्हेंबरच्या या गोळीबारात पंधरा माणसे गेली.

स्मारक येथेच का, या प्रश्नाचे उत्तर यात आहे, पण ते एवढ्यावर पूर्ण होत नाही. पुष्कळांचा असा समज असतो की स्मारकावर ज्यांची नावे आहेत ते सगळे याच चौकात पडले. वस्तुस्थिती तशी नाही. १६ जानेवारी १९५६ रोजी पंडित नेहरूंनी मुंबई शहर केंद्राच्या ताब्यात ठेवण्याचा निर्णय जाहीर केला आणि त्यानंतरच्या आठवड्यात शहर पेटले. गिरगाव, लालबाग, परळ अशा वस्त्यांमध्ये ठिकठिकाणी गोळीबार झाला. सर्वाधिक बळी त्या जानेवारीत पडले आणि ते चाळींच्या दारात, नाक्यांवर आणि गल्ल्यांच्या तोंडाशी पडले. फाउंटनचा चौक हे आंदोलनातल्या पहिल्या मोठ्या गोळीबाराचे ठिकाण होते. म्हणून बाकी सर्वांच्या मरणाचीही नोंद त्याच्याच नावावर झाली. गिरणगावातल्या ज्या नाक्यांवर माणसे पडली, त्यांच्या शेजारून आज आपण उड्डाणपुलावरून जातो. तेथेही एखादा लहानसा दगड असावा असे मला नेहमी वाटते.

पुढचा भाग थोडक्यात सांगतो. अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांनी या प्रश्नावर १९५६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाचा राजीनामा दिला. ६ फेब्रुवारी १९५६ रोजी पुण्यात संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली. कम्युनिस्ट श्रीपाद अमृत डांगे, समाजवादी एस. एम. जोशी, आचार्य अत्रे, प्रबोधनकार ठाकरे, सेनापती बापट अशी एरवी एका व्यासपीठावर बसणे अवघड असलेली माणसे तिच्यामागे एकत्र उभी राहिली. १ नोव्हेंबर १९५६ पासून विदर्भ, मराठवाडा, सौराष्ट्र आणि कच्छ जोडलेले विशाल द्वैभाषिक राज्य आले आणि यशवंतराव चव्हाण त्याचे मुख्यमंत्री झाले. १९५७ च्या निवडणुकीत मुंबईत आणि पश्चिम महाराष्ट्रात समितीने काँग्रेसला जबर धक्का दिला. अखेर १ मे १९६० रोजी महाराष्ट्र आणि गुजरात ही दोन राज्ये झाली. आपल्याकडे बहुधा सांगितले जात नाही ते हे, की द्वैभाषिक राज्य गुजरातलाही नको होते. अहमदाबादेत ऑगस्ट १९५६ मध्ये महागुजरातची मागणी करणारे तरुण पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले आणि त्यांच्या स्मृतीसाठी 'खांभी' उभी करायला लोकांना १९५८ मध्ये सत्याग्रह करावा लागला. एकाच राज्याच्या दोन टोकांना, एकाच मागणीसाठी माणसे मेली. हुतात्मा चौकात उभे राहताना त्यांचीही आठवण ठेवावी.

राज्य झाल्यानंतर साठच्या दशकात हे स्मारक उभे राहिले आणि चौकाला हुतात्म्यांचे नाव मिळाले. 'हुत' म्हणजे अग्नीत अर्पण केलेले. 'आहुती' आणि 'हवन' हे शब्दही त्याच धातूपासून आलेले आहेत. ज्याने स्वतःचीच आहुती दिली तो हुतात्मा, असा या शब्दाचा अर्थ आहे आणि सावरकरांनी तो मराठीत रूढ केला. शिल्पातल्या मशालीचा अर्थ या शब्दाच्या शेजारी ठेवून पाहावा. तिच्याकडे नुसती क्रांतीची खूण म्हणून पाहिले तर शब्दातला हा अग्नी नजरेतून सुटतो. मशाल दोघांनी मिळून धरली आहे आणि त्यांतला एक कामगार आहे, दुसरा शेतकरी. या चळवळीचे पुढारी वकील, संपादक, प्राध्यापक आणि कवी होते, पण शिल्पात त्यांच्यापैकी कोणीही नाही. नेत्याचा पुतळा न करता ज्यांच्या अंगावर गोळी आली त्या वर्गाचा चेहरा निवडला गेला, ही या स्मारकाची मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट आहे. आपल्या शहरात तसे फार ठिकाणी झालेले नाही.

मात्र स्मारकाचा खरा गाभा शिल्पात नसून नावांच्या यादीत आहे. बहुतेक लोक मशालीचे छायाचित्र काढून निघून जातात. यादी वाचायला वेळ लागतो, पण ती वाचावी. त्यात सीताराम बनाजी पवार आहेत, धर्माजी नागवेकर आहेत, भास्कर नारायण कामतेकर आहेत. त्यातच जोसेफ डेव्हिड पेजारकर आहेत, चिमणलाल डी. शेठ आहेत, के. जे. झेवियर, पी. एस. जॉन आणि वेदीसिंग आहेत. नुसत्या नावावरून कोणाची मातृभाषा ठरवू नये आणि त्यांतला प्रत्येक जण त्या क्षणी मोर्चात होता की कामावरून घरी निघाला होता हेही यादी सांगत नाही. पण मुंबईसाठी केवळ एकाच जातीची, धर्माची किंवा भाषेची माणसे मेली असे कोणी सांगू लागला, तर त्याला या यादीपुढे आणून उभे करावे.

संख्येचा गोंधळही येथेच समजून घेता येतो. माझ्या भाचीला शाळेत हुतात्म्यांवर निबंध लिहायचा होता. तिने मला विचारले, "मामा, एकशे पाच लिहू की एकशे सहा? बाईंनी एक सांगितलंय आणि पुस्तकात दुसरंच आहे." तिची अडचण खरी होती. जुन्या भाषणांत आणि लेखांत १०५ हा आकडा येतो, नंतर १०६ रूढ झाला आणि अलीकडे १०७ असाही उल्लेख होतो. यात कोणी खोटे बोलत नाही. गोळीबारात जागीच गेलेल्यांची मोजणी सोपी असते. जखमी होऊन पुढे कधीतरी गेलेल्यांची, मुंबईबाहेर पडलेल्यांची आणि ज्यांच्या घरच्यांनी उशिरा दाद मागितली त्यांची मोजणी अवघड असते. अशा याद्यांत पुढेही भर पडते, हे जगात सगळीकडे होते. मी तिला सांगितले की आकडा लिही, पण त्याच्या शेजारी निदान पाच नावेही लिही.

त्या पाच नावांपैकी दोन मी तिला सुचवली. यादीत काही नावांपुढे गाव लिहिलेले असते. कमलाबाई मोहिते, निपाणी. मारुती बेन्नाळकर, बेळगाव. मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झाला पाहिजे म्हणून ही माणसे गेली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा बेळगाव, निपाणी आणि कारवार तेव्हाच्या म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेले, आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्र झाला तेव्हाही ते तिकडेच राहिले. ज्या गावच्या संमेलनात या राज्याचा ठराव झाला, ते गाव राज्यात नाही आणि त्या गावच्या हुतात्म्याचे नाव राज्याच्या राजधानीतल्या स्मारकावर आहे. बेळगावात १७ जानेवारीला आणि मुंबईत २१ नोव्हेंबरला हुतात्म्यांना अभिवादन होते. दोन तारखा आणि दोन राज्ये, पण यादी एकच आहे.

दोन्ही स्मारके शेजारी असावीत का, असाही प्रश्न अधूनमधून निघतो. परक्या राज्यकर्त्यांच्या काळातले, परक्या देवतेचे कारंजे हुतात्म्यांच्या चौकात कशाला, असे काहींना वाटते. जवळच काळा घोडा येथे असलेला सातव्या एडवर्ड बादशहाचा पुतळा १९६५ मध्ये हलवून राणीच्या बागेत नेला गेला, हे उदाहरणही दिले जाते. दोन्हींत मला मोठा फरक वाटतो. बादशहाचा पुतळा हे सत्तेचे चिन्ह होते. कारंज्याला राज्यकर्त्याचे नाव द्यायचे ठरले होते आणि तेही राहून गेले. ते कापसाच्या पैशातून, एका मुंबईकर पारशाच्या मोठ्या देणगीने झाले. तो कापूस याच मुलखातल्या शेतकऱ्यांनी पिकवलेला होता आणि त्याच कापसावर पुढे गिरण्यांत कामगारांच्या पिढ्या राबल्या. स्मारकातला शेतकरी आणि कामगार जेथे उभे आहेत तेथून कारंजे समोरच दिसते. शहराची संपत्ती आणि ती निर्माण करणारे हात यांची अशी समोरासमोर गाठ मुंबईत दुसरीकडे कुठे पडलेली मला माहीत नाही. मुंबईचे पैसे कोणाचे आणि मुंबई कोणाची, हा १९५५ चा सगळा वाद त्या दोन वास्तूंमधल्या काही पावलांच्या जागेत मावलेला आहे. भारताची संपत्ती इंग्लंडकडे कशी वाहून जाते याचा हिशेब ज्यांनी मांडला, त्या दादाभाई नौरोजींचा पुतळाही येथून जवळच आहे.

पाहायला जायचे असेल तर रविवारी सकाळी जावे, कारण तेव्हा कचेऱ्या बंद असतात आणि रहदारी विरळ असते. आधी कारंज्याभोवती एक फेरी मारावी. मग रस्ता ओलांडून स्मारकाजवळ यावे आणि यादी वरपासून खालपर्यंत, जमल्यास मोठ्याने वाचावी. भाचीला घेऊन मी गेलो तेव्हा तिने तशीच वाचली. पदपथावरच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानातून एक वयस्कर गृहस्थ बाहेर पडले होते. ते थोडा वेळ थांबून ऐकत राहिले आणि एका नावाशी तिचा उच्चार अडखळला तेव्हा त्यांनी तो हळूच दुरुस्त केला. ते नाव होते बेन्नाळकर.